तांडेलाच्या हातावरचं फडकं

आमची गोष्ट सहा जण लिहितात आणि ती पुढे कुठे जाणार हे सहांपैकी एकालाही ठाऊक नाही. रत्नागिरीत एकाचं औषधाचं दुकान आहे, नाशिकची एक जण शाळेत गणित शिकवते, एक जण न्यू जर्सीत असते आणि तिचं लिखाण आम्हाला सकाळच्या चहाबरोबर वाचायला मिळतं. मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर इतरांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि रात्री मागचं आवरून झालं की सोनखाडीला जायचं, असा माझा क्रम. सोनखाडी नकाशात सापडणार नाही. अठराव्या शतकातलं, कोकण किनाऱ्यावरचं हे बंदर आम्ही सगळ्यांनी मिळून रचलं आहे. तिथे ज्याचं त्याचं एकेक माणूस आहे: कुणाचा तांडेल, कुणाचा जकातदार, कुणाचा वैद्य. माझी विठा धक्क्याजवळ खाणावळ चालवते.

या खेळाला रोलप्ले म्हणतात. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना वाटतं, हा बहुधा व्हिडिओगेमचा एखादा प्रकार असणार. इथे चित्रं नाहीत, गुण नाहीत, हारजीत नाही. आपल्या पात्रापुरता एक उतारा लिहायचा, बहुतेकदा तृतीय पुरुषी आणि भूतकाळात, कादंबरीत असतो तसा. त्याला पोस्ट म्हणतात. मग थांबायचं. दुसरा आपल्या पात्रातर्फे उत्तर देतो, मग तिसरा. अशी पोस्टं एकाखाली एक येत गेली की प्रसंग तयार होतो. मायबोलीच्या गणेशोत्सवात ‘एसटीवाय’ नावाचा खेळ रंगायचा, तो अनेक वाचकांना आठवत असेल: एकाने गोष्ट सुरू करायची, पुढच्याने तिला हवं तसं वळण द्यायचं. तिथे सगळी पात्रं सगळ्यांची असतात. रोलप्लेमध्ये प्रत्येक पात्राला एकच धनी असतो, आणि या एका फरकाने सगळा खेळ पालटतो.

एक उदाहरण देते. रत्नागिरीकरांनी एकदा लिहिलं, की तांडेल धक्क्यावर उतरला, त्याच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि नेहमीसारखा त्याने कुणाला रामराम केला नाही. एवढंच. आता पाळी माझी होती. विठाने पुढे होऊन ते फडकं सोडलं, आतली जखम पाहिली आणि तांडेलाला रडू कोसळलं, असं मी लिहू शकले असते. वाक्यं चांगली झाली असती, प्रसंग मात्र मेला असता. तांडेल रडतो की नाही, जखम आहे की नाही, तो बाईला हात धरू देईल की नाही, हे ठरवणारी मी कोण? मी लिहिलं, की विठाने पाण्याचा तांब्या नेहमीच्या जागी न ठेवता त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि ती चुलीकडे वळली.

त्या तांब्याने तीन गोष्टी साधल्या. विठाने फडकं पाहिलं आहे हे वाचणाऱ्याला कळलं. ती विचारणारी बाई नाही, हेही कळलं. आणि तांडेलापुढे सगळ्या वाटा मोकळ्या राहिल्या: तो पाणी पिऊन निघून जाऊ शकत होता, आपण होऊन बोलू शकत होता, किंवा हट्टाने डाव्या हाताने तांब्या उचलू शकत होता. त्याने तो डाव्या हाताने उचलला. नंतर गप्पांत कळलं, की फडक्याखाली काय आहे हे लिहिताना त्यांनी स्वतःही ठरवलेलं नव्हतं. पुढे कित्येक महिने आमची गोष्ट त्या फडक्याभोवती फिरत राहिली. त्याच्याखाली एका गलबताच्या शिडाची भाजलेली दोरी आवळल्याची खूण निघाली, आणि ते गलबत कुणी पेटवलं या प्रश्नात जकातदारापासून वैद्यापर्यंत सगळं बंदर ओढलं गेलं.

नाटकाच्या शिक्षणात हे सूत्र फार नेमकेपणाने मांडलेलं आहे. कीथ जॉनस्टन या ब्रिटिश नाट्यशिक्षकाचं ‘इम्प्रो’ हे पुस्तक 1979 साली आलं. नट जे काही करतो किंवा बोलतो ती समोरच्या नटाला दिलेली ‘ऑफर’ असते, असं तो मानतो. समोरच्याने ती स्वीकारायची असते, अडवायची नसते. रोलप्ले करणारे हेच लिहून करतात. दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवलं, किंवा आपल्या पात्राला कुणीही हरवू शकणार नाही असं करून ठेवलं, तर त्याला ‘गॉडमोडिंग’ म्हणतात. लेखकाला ठाऊक असलेली पण पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट पात्राच्या तोंडी घातली तर ते ‘मेटागेमिंग’. या दोन दोषांवरून जेवढ्या मंडळ्या फुटल्या असतील तेवढ्या दुसऱ्या कशावरूनही फुटल्या नसतील, असं मला वाटतं. कारण दुखावतं ते कथानक नसतं, माणूस दुखावतो. माझी विठा कशी वागेल हे माझ्या हातून कुणी काढून घेतलं, तर मला ते माझ्या घरात येऊन भांडी हलवल्यासारखं लागतं.

हे दुखणं इंटरनेटहून खूप जुनं आहे. जून 1826 मध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटी लीड्सहून येताना मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन या चारही भावंडांनी त्यातला एकेक शिपाई आपला म्हणून घेतला. शार्लटने आपल्या शिपायाला वेलिंग्टन म्हटलं, ब्रॅनवेलने बोनापार्ट. सगळ्यांत मोठी शार्लट तेव्हा दहा वर्षांची होती आणि धाकटी अ‍ॅन सहा. त्या शिपायांमधून ग्लास टाउन नावाचं नगर उभं राहिलं, पुढे अँग्रिया नावाचं राज्य. त्या नगराची मासिकं आणि इतिहास मुलांनी आगपेटीएवढ्या वह्यांत मुंगीच्या अक्षरात लिहून काढले. त्यातली एक वही 2019 साली पॅरिसच्या लिलावात ब्राँटी सोसायटीने सहा लाख युरोंना विकत घेतली. आज ती हॉवर्थच्या त्याच घरात आहे.

मला मात्र किमतीपेक्षा त्या मुलांनी लावून घेतलेली व्यवस्था महत्त्वाची वाटते. चौघंही आपल्या जगात जिनी होती, मेलेल्याला पुन्हा उठवण्याची शक्ती असलेली. हा नियम त्यांना का लागला असेल हे रोलप्ले करणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. भाऊ लढाया लिहिणार आणि त्यात बहिणीचे आवडते शिपाई मरणार, मग त्यांना परत आणायची काहीतरी सोय हवीच! मोठेपणी ही सोय अपुरी पडली. शार्लट रो हेडच्या शाळेत शिकवत होती, त्या काळात घरी राहिलेल्या ब्रॅनवेलने अँग्रियाची कथा एकट्यानेच पुढे नेली. राजाची पत्नी मेरी ही शार्लटच्या जिव्हाळ्याची. भावाने तिला खरोखरच मारून टाकलं की काय, या काळजीने दूर असलेली शार्लट बेचैन झाली होती. पुढे तिने आपल्या कथेत मेरीला पुन्हा जिवंत केलं. दोन लेखक, एक पात्र, मध्ये कितीतरी मैलांचं अंतर आणि न विचारता घेतलेला निर्णय: आजही मंडळ्यांमधली भांडणं अगदी याच कारणाने होतात.

एमिली आणि अ‍ॅन या दोघी धाकट्या तोवर वेगळ्या निघाल्या होत्या. मोठ्यांच्या खेळात आपल्याला दुय्यम जागा मिळते असं वाटल्यावर धाकट्यांनी करावं तेच त्यांनी केलं, स्वतःचं गोंडाल नावाचं बेट रचलं. 1845 च्या उन्हाळ्यात दोघी यॉर्कला फिरायला गेल्या, तेव्हा वाटभर त्या गोंडालच्या राजपुत्र-राजकन्या होऊन वावरत होत्या, असं एमिलीने आपल्या टिपणात नोंदवलं आहे. एमिली तेव्हा सत्तावीस वर्षांची व्हायला आली होती. दोन वर्षांनी, 1847 मध्ये, त्यांच्या ‘वदरिंग हाइट्स’ आणि ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ या कादंबऱ्या एकत्र छापल्या गेल्या. हे सगळं लहानपणचं वेड होतं आणि खरं लेखन नंतर सुरू झालं, असं म्हणणाऱ्या समीक्षकांशी माझं पटत नाही. वीस वर्षं एकमेकींना प्रतिसाद देत राहण्याचा सराव त्या कादंबऱ्यांमागे आहे.

आजच्या रोलप्लेचं घराणं मात्र दुसरं आहे, आणि त्याचा उगम युद्धखेळात सापडतो. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाचा एक खेळ मांडला. एरवी प्रत्येक खेळाडू सैन्य चालवायचा. वेस्लीने काही जणांना एकेक माणूसच दिला: कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू नकाशा सोडून कोपऱ्यात जाऊन आपापसांत कारस्थानं करू लागले. सगळा विचका झाला असं वेस्लीला वाटलं, पण खेळाडू पुन्हा तसाच खेळ मागायला आले. त्या गटातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने आणि त्याच्या पाठोपाठ रिचर्ड बार्टलने संगणकावर ‘मड’ लिहिला. त्यात एकाच वेळी अनेक जण एका शब्दरूप जगात शिरू शकत होते. तिथून लिहून खेळण्याच्या वाटा फुटत गेल्या.

या वाटेवरून आलेली सर्वांत मोठी गोष्ट बहुतेक वाचकांनी पडद्यावर पाहिलेली असेल. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका 2015 ते 2022 पर्यंत सहा हंगाम चालली. तिच्यामागे नऊ कादंबऱ्या आहेत, ‘लेव्हायथन वेक्स’ ही पहिली 2011 सालची. लेखकाचं नाव जेम्स एस. ए. कोरी असं छापलेलं असतं. असा माणूस अस्तित्वात नाही, ते डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं टोपणनाव आहे. सूर्यमालेत पसरलेल्या माणसांचं हे जग फ्रँकने आधी एका ऑनलाइन गेमसाठी रचलं होतं. तो गेम झाला नाही, तेव्हा त्याने त्याच जगात पोस्ट लिहून खेळायचा रोलप्ले चालवला. बर्फ वाहणाऱ्या कँटरबरी जहाजातून वाचलेली होल्डन, नेओमी, अ‍ॅलेक्स, एमॉस आणि शेड ही पाच माणसं म्हणजे त्या खेळातल्या खेळाडूंची पात्रं.

यातला शेड लवकरच मरतो. काही पूर्वसूचना न देता, वाक्याच्या मधोमध म्हणावं इतक्या अचानक. त्या मरणाने वाचक हादरतात, कारण मुख्य पात्रांपैकी कुणी असं जाईल अशी त्यांची अपेक्षाच नसते. शेड मेला, कारण तो खेळणाऱ्याला खेळ सोडावा लागला होता. एका माणसाला वेळ मिळेना, म्हणून एक पात्र गेलं, आणि त्यातून कुणाही एकट्या लेखकाला योजून सुचली नसती अशी धास्ती त्या कथेत आली. पुढे कादंबरी लिहितानाही दोघांनी खेळाचीच शिस्त राखली. ‘लेव्हायथन वेक्स’मधली होल्डनची प्रकरणं फ्रँकची, गुप्तहेर मिलरची अब्राहमची, आणि मग एकमेकांच्या प्रकरणांवर हात फिरवायचा.

मी मूळची कुडाळकडची, त्यामुळे हे सगळं वाचताना मला दशावतार आठवतो, आणि ती आठवण उगाच येत नाही. आमच्या दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, आणि मग पखवाज आणि पेटीच्या साथीने नट रात्रभर आपली भाषणं रंगमंचावरच रचतात. राजाने ऋषीला काय विचारावं हे राजा ठरवतो, ऋषी काय उत्तर देईल हे ऋषी. चांगला दशावतारी नट समोरच्याला अडचणीत टाकतो, पण त्याला निरुत्तर करून सोडत नाही. त्याला वर चढायला पायरी ठेवतो. जत्रेत पहाटेपर्यंत जागून मी जे ऐकलं त्याचा उपयोग मला सोनखाडीत रोज होतो. फरक एवढाच, की नटाला उत्तर क्षणात द्यावं लागतं आणि आम्हाला दोन दिवस मिळतात.

त्या दोन दिवसांनी मला जी सवय लावली ती कुठल्याच लेखन-कार्यशाळेने लावली नव्हती. मी आधी समोरच्याचं पोस्ट दोनदा वाचते. एकदा गोष्ट म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याने माझ्यासाठी काय ठेवलं आहे ते शोधायला. एखादं उघडं राहिलेलं दार, अर्धवट वाक्य, कुणाची तरी नजर. मग दोन-तीनशे शब्द लिहायचे, जास्त नाही. लांबलचक पोस्ट टाकणारा चांगला लिहीत असेलही, पण त्याच्या पोस्टमध्ये चार घटना घडून जातात आणि इतरांना उत्तर देण्याजोगं काही उरत नाही. शेवट अशा ठिकाणी करायचा की पुढच्याला हात घालायला जागा मिळेल. मनातलं सांगत बसायचं नाही. विठाच्या मनात काय आहे हे तांडेलाला दिसत नाही, त्याला तांब्या दिसतो. या एका जाणिवेने माझ्या वाक्यांतली विशेषणं निम्म्याहून कमी झाली.

बाकीची शिस्त साधी आहे. आम्ही एक बखर ठेवतो: कुठल्या तिथीला काय घडलं, वारा कुठून होता, कुणाचं कुणाकडे किती देणं आहे. ती नाशिकची बाई सांभाळते आणि तिच्या गणिताच्या करडेपणाने सांभाळते. श्रावणात होडी समुद्रात घातली तर ती लगेच विचारते, पावसाळ्यात कुणाची होडी निघाली आहे? गोष्टीबाहेरच्या बोलण्यासाठी वेगळी जागा आहे, त्याला ‘ओओसी’ म्हणजे पात्राबाहेरचं बोलणं म्हणतात. घरी आजारपण असेल, परीक्षा असतील, तर तिथे रजा टाकायची. न सांगता गायब व्हायचं नाही, कारण तुमचं पात्र दारात उभं असतं आणि बाकीचे ताटकळतात.

त्याच जागी आम्ही आणखी एक गोष्ट आधीच बोलून ठेवली: कुणाला काय नको आहे. टेबलावर खेळणाऱ्यांसाठी जॉन स्टॅव्ह्रोपुलोस या अमेरिकन खेळकर्त्याने 2013 मध्ये एक्स-कार्ड सुचवलं होतं. एका कार्डावर फुली काढून ते मध्ये ठेवायचं, ज्याला चालू प्रसंग सहन होत नाही त्याने त्याला बोट लावायचं, आणि बाकीच्यांनी कारण न विचारता तो प्रसंग सोडून द्यायचा. ‘कारण न विचारता’ हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. आमच्यातल्या एकीला बुडून मरण्याचे प्रसंग नको आहेत. बंदराच्या गोष्टीत ही मोठीच अट! पण ती का, हे कुणी विचारलं नाही आणि सोनखाडीत आजवर कुणी बुडालेलं नाही. त्या अटीमुळे आम्हाला वादळाऐवजी आग सुचली, आणि पेटलेलं गलबत आलं.

पालकांना या खेळाची भीती वाटते, ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पात्राआड कोण माणूस आहे हे लिहिणाऱ्याला दिसत नसतं. शाळकरी मुलांनी अनोळखी प्रौढांबरोबर हा खेळ खेळू नये, आपल्याच वर्गातल्या चौघांबरोबर खेळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्रेमप्रसंग लिहिताना मोठ्यांचीही गल्लत होते. पात्रांचा जिव्हाळा लेखकांमधला समजला जातो आणि मग मनं मोडतात. त्यावर मला एकच उपाय माहीत आहे: पात्राबाहेर मोकळेपणाने बोलत राहणं. बोलणं बंद पडलेल्या मंडळ्या मी कोसळताना पाहिल्या आहेत.

बहुतेक गोष्टी अर्ध्यावर थांबतात हेही खरं. एमिली आणि अ‍ॅनच्या गोंडालचं गद्य आज अजिबात शिल्लक नाही, उरल्या त्या त्यातल्या पात्रांच्या तोंडच्या कविता आणि काही नोंदी. तरी त्या दोघींनी त्यात घालवलेली वर्षं वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. लिहिलं त्या आठवड्यात ते एका माणसाने आतुरतेने वाचलं होतं. छापील पुस्तकाच्या नशिबात असा वाचक असतोच असं नाही, हे मी रोज छपाईला जाणारी पानं तपासताना बघते.

आमचा गुरव लिहिणारे गृहस्थ मध्यंतरी कामाच्या रेट्यामुळे बाहेर पडले. गुरवाचं काय करायचं यावर आठवडाभर चर्चा झाली. दुसऱ्या कुणी त्याला चालवावा का? त्याला मारावा का? त्यांनाच विचारलं, तेव्हा त्यांनी गुरवाला काशीला पाठवायला सांगितलं, म्हणजे परत यायची वाट राहील. देवळाची किल्ली जाताना तो विठाकडे देऊन गेला, हे त्यांचं शेवटचं पोस्ट. त्यांच्या जागी सोलापूरचा एक मुलगा आला आहे, रात्रपाळी करतो आणि पहाटे लिहितो. गुरव त्याला देऊ केला होता, त्याने स्वतःचं माणूस मागितलं. त्याचा लमाण मिठासाठी बैलांचा तांडा घेऊन घाट उतरला आहे आणि जकातीच्या चौकीसमोर उभा आहे. त्याच्या एका गोणीतून धान्याऐवजी काहीतरी टणक वाजलं, असं त्याने लिहिलं आणि तिथेच थांबला. जकातदार नाशिकच्या बाईंचा. त्या सध्या सहामाहीचे पेपर तपासत आहेत आणि उत्तराला त्यांनी रविवारपर्यंतची मुदत मागितली आहे.